संभाषणातून घडणारी स्मृती : प्रस्तावना

मनुष्याच्या आयुष्याची पहिली तीन वर्षे म्हणजे चालणे, बोलणे, माणसे ओळखणे आणि आपला-परका हा भेद करणे या साऱ्याचा प्रारंभकाळ. आणि तरीही, ज्या काळात त्याच्यावर पुढे क्वचितच लाभणाऱ्या मायेचा वर्षाव झाला, त्या काळाविषयी त्याला प्रौढपणी स्वतःहून एक अक्षर सांगता येत नाही, आणि जे काही सांगता येते ते आईने, आजीने किंवा आत्याने केव्हातरी सांगितलेले असते. माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारायची आणि ती कोणत्या वयाची ते ताडून पाहायचे, हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच सुरू झाला, आणि तेव्हापासून युरोप-अमेरिकेत हे वय सरासरीने साडेतीन वर्षांच्या आगेमागेच निघत आले आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली आपल्या लैंगिकतेवरील निबंधांत या विस्मृतीचा ऊहापोह करून तिचे कारण दमनात शोधले: जे आठवू नये असे मनाला वाटते ते मनच गाडून टाकते, अशी त्यांची उपपत्ती होती.

ती उपपत्ती आता मागे पडली आहे. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न शिल्लक आहे, आणि तान्ह्या मुलांना मुळी स्मरणच नसते असे म्हणून तो उडवून लावण्याची सोय आता राहिलेली नाही. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात कॅरोलिन रोवी-कॉलियर यांनी पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याची दोरी बाळाच्या घोट्याला बांधली, आणि पाय झाडला की वरचे खेळणे हलते हे बाळाच्या ध्यानात येऊ दिले. तीन महिन्यांची बाळे त्यानंतर सुमारे आठवडाभराने तेच खेळणे दिसताच पुन्हा तसेच पाय झाडू लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे तान्हे मूल आठवते, आणि पुष्कळ काळ आठवते. मग या आठवणी जातात कुठे? मेंदूच्या ज्या भागात घटनांची स्मृती स्थिरावते तो भाग या वयात अजून झपाट्याने वाढत असतो, आणि त्या वाढीच्या गडबडीत जुने ठसे पुसले जात असावेत, असे शरीरशास्त्राचे उत्तर आहे, आणि ते मान्य करायला हरकत नाही. परंतु तेवढ्यानेच भागते तर जगातल्या सर्व घरांतील मुलांची पहिली आठवण साधारण एकाच वयाची निघाली असती. ती तशी निघत नाही. काही घरांतील, काही समाजांतील मुलांना आपले बालपण इतरांहून लवकरचे आठवते, अधिक सविस्तर आठवते, आणि ते सांगताही अधिक चांगले येते. आणि या तफावतीचा माग काढीत गेले की आपण प्रयोगशाळेतून निघून थेट घराच्या ओटीवर, जेवणाच्या पंगतीत आणि अंथरुणावर पडल्यापडल्या होणाऱ्या बोलण्यात येऊन पोहोचतो. या पुस्तकाचा विषय तो आहे.

आठवण आणि शब्द यांचे नाते किती जवळचे आहे, हे न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील एका प्रयोगाइतके नेमकेपणाने मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळाले नाही. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांसाठी एक नवलाचे यंत्र तयार केले. मुलाने दांडा ओढून ते सुरू करायचे, एक मोठे खेळणे वरून आत टाकायचे, बाजूची मूठ फिरवायची, आणि काही आवाज झाल्यावर खालच्या दारातून हुबेहूब तेच, पण लहान झालेले खेळणे बाहेर काढायचे. अशी गंमत मुले विसरणे कठीण. सहा महिन्यांनी आणि काही मुलांच्या बाबतीत वर्षाने त्यांना पुन्हा भेटून तपास केला, तेव्हा चित्रे पाहून वस्तू ओळखणे आणि यंत्र पुन्हा चालवून दाखवणे या दोन्ही गोष्टींवरून ती घटना त्यांच्या स्मरणात आहे हे स्पष्ट दिसले. मधल्या काळात त्यांचा शब्दसंग्रहही कितीतरी वाढला होता. परंतु ते यंत्र पाहिले त्या दिवशी जे शब्द त्यांच्यापाशी नव्हते, त्या शब्दांत एकाही मुलाने त्या दिवसाचे वर्णन केले नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. घटना घडली त्या वेळी, किंवा ती ताजी असताना, तिला शब्द मिळाले नाहीत तर पुढे शब्द आले तरी ते तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत.

म्हणून लहान मुलाशी त्याच्या कालच्या दिवसाविषयी बोलणे हा निव्वळ करमणुकीचा भाग ठरत नाही. शब्द द्यायचे असतात ते त्याच वेळी.

तथापि कोणतेही बोलणे चालते असे नाही, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद येथेच आहे. समजा, एक कुटुंब अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन जेजुरीला जाऊन आले आहे, आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या स्मरणशक्तीचे कौतुक पाहुण्यांना दाखवावे म्हणून त्याला विचारले जाते:

“काल आपण कुठे गेलो होतो? सांग.”

“भूर.”

“भूर कुठे? नाव सांग. काल सांगितलं होतं ना तुला? जे… जे…”

मूल गाडीकडे वळते, आणि घरातले म्हणतात, विसरला. आता तेच कुटुंब, तोच प्रवास, पण आई भाजी निवडते आहे आणि मूल शेजारी बसले आहे:

“काल आपण खंडोबाला गेलो होतो ना, किती पायऱ्या चढलो! आणि वर गेल्यावर सगळ्यांनी काय उधळलं रे?”

“पिव्वं.”

“हो, पिवळा पिवळा भंडारा! तुझ्या डोक्यावर पण पडला. मग तुला काय झालं?”

“आ-छी.”

“शिंका आल्या! एकीमागून एक. आणि आजोबा का हसायला लागले मग?”

या चार-पाच वाक्यांत काय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मुलाच्या तोंडून निघालेली दोनच अक्षरे आईने झेलली, ती बरोबर आहेत म्हणून पावती दिली, आणि लगेच तीच अक्षरे पूर्ण वाक्यात बसवून परत केली. ‘भंडारा’ हा शब्द जिथे मुलाच्या डोक्यावर पिवळी पूड पडत होती तिथेच त्याला मिळाला. ‘मग’ या शब्दाने घटनांना क्रम आला, ‘का’ या शब्दाने कार्यकारणभाव आला, आणि आजोबांच्या हसण्याची आठवण निघताच दुसऱ्याच्या मनात काय चालले होते याचा विचार करण्याची पाळी मुलावर आली. पहिल्या संभाषणात यांपैकी काही नव्हते. तिथे एकच प्रश्न पुनःपुन्हा, किंचित आवाज चढवून विचारला गेला, उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होते, आणि मुलाने दिलेले उत्तर अपुरे म्हणून बाजूला सारले गेले. ही जबानी झाली. जबानीत माणूस कमीत कमी बोलतो, आणि मूलही तेच करते.

अटलांटा येथील एमोरी विद्यापीठातील रॉबिन फिवुश, आणि त्यांच्यासमवेत एलेन रीस व कॅथरीन हेडन यांनी माता आणि मुले यांची अशी संभाषणे काही वर्षे सातत्याने ध्वनिमुद्रित करून १९९३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे काढले गेले: एकीकडे मुलाच्या बोलण्यात भर घालून ते पुढे नेणाऱ्या, ‘काय, कसे, का, मग’ असे मोकळे प्रश्न विचारणाऱ्या विस्तारशील माता, आणि दुसरीकडे तोच प्रश्न घोळवणाऱ्या पुनरुक्तिशील माता. पहिल्या प्रकारच्या मातांची मुले एक-दोन वर्षांनंतर स्वतःच्या आयुष्यातील घटना अधिक तपशिलाने आठवून सांगू लागली. यावर कोणी म्हणेल की, बोलक्या आईचे मूल बोलके, यात नवल कसले? पण पुढील अभ्यासांतून असे दिसून आले की, आठवणी काढताना विस्ताराने बोलणारी आई खेळताना किंवा इतर व्यवहारात अधिक बोलतेच असे नाही. हा गुण वाचाळपणाचा नाही. स्वभावाने अबोल असलेल्या कित्येक बाया रात्री दिवा मालवल्यावर मुलाला कुशीत घेऊन दिवसभराची कहाणी किती निगुतीने उलगडतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना याची वेगळी साक्ष द्यायला नको.

तरीही शंका उरते ती कार्यकारणाची. कदाचित मूल मुळातच हुशार असेल, म्हणून आईला बोलायला हुरूप येत असेल! ही शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन केवळ निरीक्षणाने होणारे नव्हते. ते प्रयोगाने झाले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः एलेन रीस यांना आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन शहरात त्यांनी आणि ऱ्हियानन न्यूकोम यांनी ११५ माता आणि त्यांची मुले निवडली. मुले दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान असताना त्यांतील काही मातांना विस्ताराने आठवणी काढण्याचे शिक्षण दिले, आणि इतरांना दिले नाही. शिक्षण असे फार मोठे नव्हते: गेलेल्या दिवसातील एखादा वेगळा प्रसंग निवडावा, मोकळा प्रश्न विचारावा, मुलाने काही सांगितले की त्याची वाखाणणी करून त्यावर पुढचा प्रश्न विचारावा, आणि न सांगितले तर थोडा नवा तपशील घालून पुन्हा विचारावे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात शिक्षण घेतलेल्या मातांची मुले साडेतीन वर्षांच्या सुमारास आपल्या आठवणी अधिक समृद्धपणे सांगत होती. स्मृतीतील हा लाभ सर्व मुलांना सारखा झाला नाही, हेही त्यांनी नोंदले: दीड वर्षांच्या वयात आरशातील प्रतिबिंबात स्वतःला ओळखण्याची जाणीव ज्यांना लवकर आली होती, त्यांना तो अधिक झाला. ‘हे माझ्या बाबतीत घडले’ असे म्हणायला आधी ‘मी’ उमजावा लागतो, असा याचा अर्थ असावा.

संशोधकांनी या मुलांचा माग सोडला नाही, आणि म्हणूनच या अभ्यासाविषयी मला विशेष आदर वाटतो. ती मुले पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांना त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग सांगायला लावला. ज्यांच्या मातांना चौदा वर्षांपूर्वी ते थोडेसे शिक्षण मिळाले होते, त्या मुलांच्या कथनात प्रसंगाने आपण कसे बदललो याचा उलगडा अधिक सुसंगत होता, त्यांच्यात औदासीन्याची लक्षणे कमी होती आणि वर्तनाच्या तक्रारीही कमी होत्या. बालपणी कुणीतरी कौतुकाने ‘मग काय झालं?’ असे विचारीत गेले, त्याचे फळ इतक्या दूरवर यावे ही गोष्ट मला तरी अत्यंत आनंदाची वाटते.

भाषेच्या बाजूने पाहिले तर कॅनडातील कॅरोल पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेले काम अधिक बोलके आहे. त्यांनी निवडलेली कुटुंबे गरिबीत दिवस काढणारी होती, मुले साडेतीन वर्षांच्या घरातली होती आणि कुटुंबांची संख्या अवघी वीस होती, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये; तथापि वर्षभर मातांना अशा संभाषणाची सवय लावल्यावर मुलांचा शब्दसंग्रह लगोलग वाढलेला दिसला, आणि त्याच्याही पुढे आणखी एक वर्षाने त्यांची गोष्ट सांगण्याची हातोटी सुधारलेली दिसली. शब्द आधी आले, कथा नंतर उमलली. पुढे २०१० साली अमेरिकेतील गरीब वस्त्यांच्या बालवाड्यांत रीस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तक वाचून दाखवण्याचे शिक्षण आणि आठवणी काढण्याचे शिक्षण या दोहोंची तुलना केली, तेव्हा मुलांच्या कथनाचा दर्जा आणि ऐकलेल्या गोष्टीचे आकलन या बाबतींत आठवणींचे पारडे जड ठरले. पुस्तकांविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. परंतु ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातही कालचा दिवस असतो, आणि हे ध्यानात आल्यावर गरीब घरातील मुलाच्या भाषेविषयी आपण किती हताशपणे बोलत आलो याचे वाईट वाटते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी उतारवयात लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि मराठी गद्यातील तिच्यासारखे जिवंत आत्मकथन क्वचितच सापडेल. घरगुती बोलण्यातला ताल तिच्या पानापानात ऐकू येतो.

आता समाजासमाजांतील भेदांकडे वळू. न्यूझीलंडमध्येच २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत युरोपीय वंशाच्या प्रौढांची पहिली आठवण साडेतीन वर्षांच्या आसपासची, तर माओरी प्रौढांची पहिली आठवण अडीच-पावणेतीन वर्षांची निघाली. माओरी समाजात वंशाची परंपरा, म्हणजे व्हाकापापा, तोंडी सांगत राहण्याला फार मान आहे. आपला पूर्वज कोण, कोणत्या होडीतून आला, आपला डोंगर कोणता, नदी कोणती, हे माणसाने सभेत उभे राहून सांगायचे असते. माओरी माता मुलांना त्यांच्या जन्माची कहाणी सांगताना विशेष विस्तार करतात, असेही पुढे आढळले. याउलट कॉर्नेल विद्यापीठातील ची वांग यांनी चिनी आणि अमेरिकन मातांची तुलना केली, तेव्हा चिनी मातांच्या संभाषणात भूतकाळ बहुधा वर्तनाचा धडा देण्यासाठी येत असल्याचे दिसले, आणि चिनी प्रौढांची पहिली आठवणही अमेरिकनांच्या मानाने सुमारे सहा महिने उशिराची निघाली. यावरून कोणा समाजाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे हा अविचार होईल. मुलाने आपल्या माणसांत कसे वागावे याची शिकवण हीही मौल्यवान गोष्ट आहे, आणि ज्या घरांना ती अधिक मोलाची वाटते त्यांनी ती अधिक दिली, इतकेच.

परंतु हा निष्कर्ष वाचताना मराठी घराचे चित्र डोळ्यांपुढे येतेच. आपल्याकडे मुलाला सांगण्यासारख्या कथांची वाण कधी नव्हती: व्रतांच्या कहाण्या, आटपाट नगरे, इसापाचे कोल्हे, पुराणे आणि शिवकाल यांचे भांडार प्रत्येक आजीपाशी होते. मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातील घटना मात्र आपण बहुधा तक्रारीच्या निमित्ताने काढतो. परवा ताईला ढकललेस, काल पाहुण्यांपुढे रडलास, मागच्या वेळी औषध थुंकलेस: मुलाचा भूतकाळ त्याच्यापुढे येतो तो असा आरोपपत्राच्या स्वरूपात. अशा बोलण्यात त्याने सांगण्यासारखे काही उरत नाही, मान खाली घालणे तेवढे उरते. राजाची गोष्ट ऐकून मुलाची कल्पना समृद्ध होते आणि भाषा कानावर पडते, हे खरे. परंतु स्वतःच्या दिवसाचा निवेदक होण्याचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. तो कुणीतरी विचारल्याखेरीज मिळत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पाश्चात्त्य अभ्यासांत आईबाप मुलींशी भावनांविषयी अधिक आणि विस्ताराने बोलतात असे दिसते. म्हणजे मुलग्यांना ‘तुला तेव्हा कसं वाटलं?’ हे विचारणे तिथेही राहूनच जाते.

आपल्या परंपरेत याची बीजे नाहीत असे मुळीच नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचनाच अशी आहे की, आश्रमातील श्याम सोबत्यांच्या आग्रहाखातर एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना नावेही रात्रींचीच आहेत. बोधासाठी ते पुस्तक घरोघर वाचले गेले; त्यातील सांगण्या-ऐकण्याची ती बैठक मात्र आपण पुरेशी उचलली नाही. बालशिक्षणाच्या क्षेत्रात गिजुभाई बधेका यांनी भावनगरला कथाकथनाचे शास्त्रच गुजरातीत लिहून ठेवले, आणि त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. मुलाच्या अंगणात, त्याच्या बोलीत, त्याच्या परिसरातील वस्तूंनी शिक्षणाचा आरंभ करावा, हा जो त्यांचा आग्रह होता, त्याला आजच्या स्मृतिशास्त्राने नकळत पुष्टी दिली आहे. कारण ज्या बोलीत दिवस घडला त्याच बोलीत त्याला शब्द द्यावे लागतात.

आता या पद्धतीतील धोक्याविषयी बोलायला हवे, कारण आठवण संभाषणातून घडते असे एकदा मानले की, ती संभाषणातून बिघडूही शकते हे मानावेच लागते. मुलांच्या बुद्धीचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या ज्याँ पियाजे यांना स्वतःची एक अगदी लहानपणची आठवण होती: पॅरिसच्या शाँज एलिझे या रस्त्यावर दाई आपल्याला बाबागाडीतून नेत असताना कोणीतरी आपल्याला पळवून नेऊ पाहत आहे, आपण पट्ट्याने गाडीत बांधलेले आहोत, दाई मध्ये पडून झुंजते आहे, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले आहेत, आणि मग आखूड झग्यातला पोलीस येतो आहे. हे सर्व त्यांना स्पष्ट दिसत असे. पुढे ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने त्यांच्या आईवडिलांना पत्र लिहून कबूल केले की तो प्रसंग तिने रचलेला होता, आणि बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळ तिने परत केले. लहानपणी घरात पुनःपुन्हा ऐकलेल्या कथेतून आपण ते चित्र उभे केले असले पाहिजे, असा निर्वाळा पियाजे यांनी स्वतः दिला. घटना खोटी आणि आठवण मात्र रंगरूपासह खरी! फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते की, आठवणे म्हणजे जुना कागद दफ्तरातून जसाच्या तसा काढणे नव्हे, दर वेळी ती गोष्ट नव्याने रचली जाते. म्हणून मुलाशी आठवणी काढताना जे घडले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, ‘मला असं आठवतं, तुला कसं आठवतं?’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर आपल्याहून वेगळे आले तर ते ऐकून घ्यावे. न्यायालयात मुलाची साक्ष घ्यायची झाली तर ही विस्तारशील पद्धत सर्वथा वर्ज्य आहे, हेही स्वच्छ सांगितलेले बरे.

आतापर्यंत मुलाच्या स्वतःच्या आठवणींविषयी झाले. त्याच्या जन्मापूर्वीच्या घराविषयी जे बोलणे होते त्याचा परिणामही तितकाच खोल असतो. एमोरी विद्यापीठातच मार्शल ड्यूक आणि फिवुश यांनी ‘तुला ठाऊक आहे का?’ अशा वीस प्रश्नांची एक यादी तयार केली: आईवडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझे नाव असे का ठेवले, घरावर कोणते संकट आले होते. ज्या मुलांना याची उत्तरे अधिक ठाऊक होती ती मुले स्वतःविषयी अधिक आश्वस्त आढळली. मात्र ही उत्तरे पाठ करून घेतल्याने काही साधत नाही, असा इशारा त्याच संशोधकांनी दिला आहे; ती उत्तरे ज्या निवांत बैठकींतून, प्रवासांतून, सणासुदीच्या जेवणांतून मुलापर्यंत येतात, त्या सहवासाचे ते फळ आहे.

या बाबतीत आपल्या घरांपाशी सांगण्यासारखे अपार आहे, आणि त्यातले पुष्कळसे दुःखाचे आहे. पुण्यातील कित्येक कुटुंबांत अजूनही काळाची मोजणी १२ जुलै १९६१ च्या आधीचे आणि नंतरचे अशी होते. पानशेतचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले, कोणती भांडी वाहून गेली, कुणाच्या गच्चीवर रात्र काढली, हे त्यानंतर तीस वर्षांनी जन्मलेल्या नातवंडालाही ठाऊक असते. मराठवाड्यात आणि माणदेशात बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला कशी जात असे, मिलोची तांबडी भाकरी घशाखाली कशी उतरत नसे, सुकडीची वाट मुले कशी पाहत, हे ऐकलेल्या मुलाला ‘टंचाई’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परंतु गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्या घरांचा आधार गेला, त्यांतील पुष्कळ बापांनी त्या वर्षांविषयी तोंडच उघडले नाही. त्यांचे मौन मला समजते. ज्या गोष्टीत आपली हार झाली ती मुलापुढे मांडायला जीव धजत नाही. तरीही असे वाटते की, कोकणातून बोचके घेऊन आलेला आजोबा, साचावर उभा राहिलेला बाप, बंद पडलेला भोंगा, आईने घरोघर पोहोचवलेले डबे आणि त्यातून कसाबसा पुन्हा उभा राहिलेला संसार, ही सबंध कथा चढउतारांसह ऐकणाऱ्या मुलाला स्वतःवर संकट आल्यावर धरायला काहीतरी मिळते, आणि ती न ऐकणाऱ्या मुलाला बापाचे गप्प बसणे हा केवळ त्याचा तऱ्हेवाईक स्वभाव वाटत राहतो. फिवुश आणि ड्यूक यांचाही अनुभव असाच आहे: सतत उत्कर्षाची किंवा सतत अधोगतीची कथा सांगणाऱ्या घरांपेक्षा, पडलो आणि पुन्हा उठलो असे सांगणारी घरे मुलांना अधिक बळ देतात.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या विषयात वेगळे स्वारस्य असायला हवे. विओरिका मारियन आणि अल्रिक नाइसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रशियातून अमेरिकेत आलेल्या द्वैभाषिकांना रशियन भाषेत विचारले असता रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी अधिक आल्या, आणि इंग्रजीत विचारले असता इंग्रजी काळातल्या. भाषा बदलली की आठवणींचा एक भाग दूर जातो, हे ज्या आजीआजोबांना दूरध्वनीवर नातवंडांशी बोलावे लागते त्यांनी मनाशी धरावे. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढ्यावर ते बोलणे संपते, आणि मूल हो-नाही म्हणून फोन आईकडे देते. त्याऐवजी गेल्या दिवाळीत इथे असताना किल्ल्यावर मावळे कुणी मांडले, अळीव पेरल्यावर काय उगवले, आणि शेजारच्या मांजरीने त्यावर कशी झोप काढली, अशी एक सामायिक आठवण मराठीत काढली, तर मूल आपली तुटकीमुटकी मराठी घेऊन बोलू लागते, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी असते.

हे पुस्तक आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी लिहिले आहे. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सर्वांत जास्त वेळा आली ती अंगणवाडी सेविका. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने गावोगाव एक अशी बाई उभी केली की, जी वजनाच्या नोंदी आणि पोषण आहाराचे रजिस्टर सांभाळून गृहभेटीला घराच्या उंबऱ्यापर्यंत जाते, आणि जिचे म्हणणे तरुण आई ऐकते, कारण ती त्याच गावची, बहुधा त्याच आळीतली असते. अशा भेटीत, आई समोर असताना, मुलाला कालच्या बाजाराविषयी किंवा परवाच्या जत्रेविषयी एक मोकळा प्रश्न विचारून, त्याचे अर्धेमुर्धे उत्तर वाक्यात वाढवून दाखवायला काही मिनिटे पुरतात, आणि त्यासाठी वरून कोणत्याही मंजुरीची किंवा तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून पुढील प्रकरणांतील संभाषणांचे नमुने मोठ्या टायपात आणि शक्य तितके बोलीत छापले आहेत. सेविकेने ते घरोघर वाचून दाखवायचे नाहीत, त्या त्या घरात कालपरवा जे घडले असेल त्यावर ते बसवून घ्यायचे आहेत.